एक पाठवा, शंभरांना पोचवा

भारतातून एकच पत्र इथल्या शंभर सभासदांना द्यायचं, तर शंभर प्रती तिथूनच कशाला पाठवायच्या? एक इथवर आणावी, बाकीच्या इथे काढाव्यात. संगणकांच्या जाळ्यातल्या 'मल्टिकास्ट'ची कल्पना एवढीच!

स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांनी त्याचे नियम ऑगस्ट १९८९ मध्ये 'आरएफसी १११२' म्हणून मांडले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगोतल्या इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज तीन खंडांतल्या वीस ठिकाणी थेट पोचला. ज्या राउटरांना मल्टिकास्ट कळत नव्हतं, त्यांच्यातून 'बोगदे' काढले. या जाळ्याचं नाव 'एमबोन'. नोव्हेंबर १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या डॅलसमधल्या मैफलीचा काही भागही त्यावर दिसला.

मग ते घरोघरी का आलं नाही? कोणता गट कोणाला हवा, हे वाटेतल्या प्रत्येक राउटरला लक्षात ठेवावं लागतं. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांसाठी हा भार उचलण्यात कोणालाच फायदा दिसेना. आज ते चालतं ते शेअर बाजारांच्या भावांसाठी, किंवा एकाच कंपनीच्या जाळ्यातल्या टीव्हीसाठी. पुण्यातली गणपतीची आरती आपण इंटरनेटवर थेट पाहतो, तेव्हा मात्र प्रत्येक घरासाठी वेगळी प्रत निघते.

तंत्र तयार होतं. शेजाऱ्याचं ओझं वाहायला कोणी तयार नव्हतं.