कुवेतवरचा हल्ला, जगाचा निषेध आणि दोन खोट्या बातम्या

2 ऑगस्ट 1990 रोजी पहाटे सद्दाम हुसेन यांच्या इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. रत्नागिरी, रायगडकडच्या ज्या घरांतली माणसं तेव्हा कुवेतला कामाला होती, त्यांना ती तारीख वेगळी सांगावी लागत नाही. पण नव्या पिढीला ही हकीकत नीट माहीत असावी, म्हणून आम्ही ती थोडक्यात मांडत आहोत.

भांडण कशाचं होतं?
इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडाला होता. कुवेतचंही कर्ज त्याच्या डोक्यावर होतं. कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतो, सरहद्दीवरच्या रुमैला क्षेत्रातलं आमचं तेल चोरतो, अशी इराकची तक्रार होती. तक्रार खरी धरली तरी शेजारी देश गिळायचा हक्क मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1974 मध्येच आक्रमणाची व्याख्या केली आहे. राजकीय, आर्थिक वा लष्करी, कोणतंही कारण आक्रमणाचं समर्थन ठरत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

निषेध कसा झाला?
त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 660 मंजूर केला. बाजूने 14 मतं पडली, विरोधात एकही नाही. येमेनने मतदानात भाग घेतला नाही. ठरावात हल्ल्याचा निषेध होता आणि इराकने ताबडतोब, बिनशर्त फौजा मागे घ्याव्यात अशी मागणी होती. इराकने कुवेत आपल्यात विलीन केल्याचं जाहीर केल्यावर 9 ऑगस्टला ठराव 662 एकमताने आला: हे विलीनीकरण कायद्याने शून्य आहे. त्याच सुमारास कैरोत इस्लामी परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक चालू होती. तिनेही हल्ल्याचा निषेध केला. म्हणजे मुस्लिम देशाने मुस्लिम देशावर केलेल्या जुल्मावर उम्मतीने पडदा टाकला नाही.

भारताची अडचण वेगळी होती. आपली लाखाहून जास्त माणसं तिथे अडकलेली. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामना भेटले, त्यांच्या गळाभेटीवर टीकाही झाली. पण पुढे अम्मानहून मुंबईला विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि हजारो कुटुंबं सुखरूप परतली.

खोटं दोन्हीकडून
इराकने सांगितलं की कुवेतमधल्या तरुण क्रांतिकारकांनी सत्ता पालटली आणि त्यांनीच आम्हाला मदतीला बोलावलं. एक हंगामी सरकारही उभं केलं गेलं. काही दिवसांतच ते सरकार गुंडाळून सरळ विलीनीकरण झालं, तेव्हा बोलावण्याची गोष्ट बनावट होती हे उघड झालं.

दुसरं खोटं कुवेतच्या बाजूने आलं. ऑक्टोबर 1990 मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी खासदारांच्या एका गटासमोर 15 वर्षांच्या मुलीने रडत सांगितलं की इराकी शिपायांनी दवाखान्यातल्या काचपेट्यांतून बाळं काढून जमिनीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. युद्ध संपल्यावर कळलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची होती. ती साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती आणि बाळांच्या त्या गोष्टीला पुरावा सापडला नाही.

आपण काय लक्षात ठेवावं?
कुवेतवर जुल्म झाला, ही गोष्ट खरीच राहते. लोक मारले गेले, लुटले गेले. तो सिद्ध करायला खोट्याची गरजच नव्हती. उलट खोटं उघडं पडलं की मजलूमाच्या खऱ्या दुःखावरही लोक शंका घेतात. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर तपासून घेण्याची ताकीद आहे, ती आपल्या बाजूच्या खबरीलाही लागू आहे. आज फॅमिली ग्रुपवर युद्धाचा व्हिडिओ आला की आधी बघू या: कुठला आहे, कधीचा आहे, सांगणारा कोण आहे. खात्री होईपर्यंत पुढे पाठवायचा नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.