हातमोजा आणि हत्यार

भिवंडीत मागावर तुटलेला धागा सांधताना विणकराचे बोट उघडेच असते. बोटाला धाग्याची जाण लागते. मग हत्यार धरताना हात झाकावा की उघडा ठेवावा? इतिहासात दोन्ही उत्तरे आहेत.

मराठ्यांच्या दांडपट्ट्याला लोखंडी हातमोजाच जोडलेला असे. आतली आडवी मूठ धरली, की कोपरापर्यंतचा हात झाकला जाई. मात्र मनगट वळेनासे होई. म्हणून पट्टेकरी खांदा, कंबर आणि पाय यांच्या बळावर पट्टा फिरवी.

पिस्तुलाचे उलटे. तिथे चाप अलगद दाबायचा असतो. जाड मोज्यातून बोटाला त्याचा अंदाज येत नाही. २०१८ साली पालेमबांगला सुवर्णपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतांचा २५ मीटर पिस्तुलाचा खेळ एकहाती. सारी भिस्त त्या एका हातावर. रायफलवाले दोन्ही गोष्टी साधतात: वजन पेलणाऱ्या हाताला जाड मोजा, चापावरचे बोट उघडे.

शिक्षकबंधूंनी मुलांना एवढेच सांगावे: मोजा हा भित्रेपणा नव्हे, उघडा हात हे शौर्य नव्हे. हाताला सोसायचे आहे की जाणायचे आहे, ते आधी पाहावे.