गाळात मुरलेले तेल

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबरगोळे येऊन पडतात. समुद्रात सांडलेल्या तेलातील हलका अंश उडून जातो, उरलेला चिकट भाग घट्ट होत जातो आणि लाटांबरोबर वाळूवर येतो. पर्यटकांच्या पायांना तो चिकटला की बातमी होते, सफाई कामगार गोळे उचलतात आणि चार दिवसांत किनारा पूर्ववत दिसू लागतो. तेलाचा आणखी एक अंश मात्र पाण्यातील मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतो. तो कोणाच्या नजरेस पडत नाही.

हा अंश किती काळ टिकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील वेस्ट फालमाउथचे आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये तेथे ‘फ्लोरिडा’ नावाची बार्ज खडकावर आदळली आणि सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडले. तीस वर्षांनी संशोधकांनी खाडीलगतच्या दलदलीतील गाळ खणला, तेव्हा काही सेंटिमीटर खोलीवर ते तेल अजून शिल्लक होते. तेथील खेकडेही त्या थरात शिरण्याचे टाळून उथळ बिळे करताना आढळले. कारण सोपे आहे. तेल खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि चिखलात तो वरच्या पातळ थराखाली उरत नाही.

गाळाच्या तपासणीसाठी होडीतून पोलादी पंजा तळाशी सोडून नमुना उचलतात. पंजाच्या कडांना न लागलेला, मधला आणि वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर तेवढा घेतात. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, काचेच्या बरणीत ठेवून गोठवायचा. होडीच्या इंजिनातील डिझेलचा थेंबही नमुना बिघडवू शकतो, म्हणून पहिली परीक्षा नमुना घेणाऱ्याच्या हाताचीच असते. पुढे प्रयोगशाळेत गाळ वाळवून हेक्झेनसारख्या द्रावकाने त्यातील तेलकट अंश वेगळा काढला जातो. त्यावर ३१० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकून ३६० नॅनोमीटरवर मिळणारी चमक मोजतात आणि क्रायसीन या संयुगाच्या चमकेशी तिची तुलना करतात. उत्तर कोरड्या गाळाच्या दर ग्रॅममागे इतके मायक्रोग्रॅम, असे मिळते.

मात्र हा आकडा एकटा फसवा असतो. चिखलाचे बारीक कण वाळूपेक्षा कितीतरी अधिक तेल धरून ठेवतात. म्हणून मांडवीच्या मुखातील चिखल आणि मिरामारची वाळू यांची थेट तुलना निरर्थक ठरते. शिवाय गाळातील प्रत्येक हायड्रोकार्बन तेलाचाच असतो असेही नाही. खारफुटीच्या पानांवरील मेणातही हायड्रोकार्बन असतात. सुदैवाने निसर्गाने ओळखीची खूण ठेवली आहे. वनस्पतींच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम संख्येच्या कार्बनसाखळ्यांचे प्राबल्य असते, तर खनिज तेलात सम आणि विषम साखळ्या जवळजवळ सारख्याच असतात.

तेल कोठून आले, हे ओळखण्यासाठी होपेनसारखी, सहजासहजी न कुजणारी संयुगे तपासली जातात. प्रत्येक तेलक्षेत्रात त्यांचे प्रमाण वेगळे असते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पद्धतीला कार्बनच्या समस्थानिकांची जोड देऊन २०१० मध्ये गोव्यात आलेले डांबरगोळे तपासले. बॉम्बे हायच्या तेलाशी तुलना केल्यावर ते गोळे आग्नेय आशियाई कच्च्या तेलाचे, टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आलेले ठरले. संशय जवळच्या विहिरींवर आणि दोषी वाटेने जाणारे जहाज, असेही घडते ते असे.

गाळाच्या बाबतीत हा शोध अधिक अवघड आहे, कारण तेथे जुन्या-नव्या तेलांची सरमिसळ होते. ३० मे २००६ रोजी कारवारजवळ ‘ओशन सेराया’ हे जहाज खडकावर आदळले आणि त्याचे तेल गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंत आले. अशा अपघातानंतर नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा हीच होते, की आधी गाळात किती तेल होते? अपघातापूर्वीचे नमुने नसतील तर मच्छीमाराच्या बाजूने मांडायला आकडाच उरत नाही. मुरगाव बंदर, बार्जची ये-जा, ट्रॉलरचे धक्के यांमुळे रोज थोडे थोडे तेल पाण्यात जात असताना तर हा पूर्वीचा आकडा अधिकच मोलाचा ठरतो.

तिसऱ्या आणि खुबे याच गाळात राहून पाणी गाळून अन्न मिळवतात. चिखलीच्या उपसागरातील, जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवले जाणारे पातळ शिंपलेही तळाशीच वाढतात. त्यामुळे गाळाबरोबर शिंपल्यांचे मांसही तपासावे लागते आणि दोन्हींचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर, दरवर्षी त्याच ठिकाणांहून घ्यावे लागतात. नद्यांचा पूर तळ ढवळून टाकत असल्याने केवळ एका मोसमाच्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष पुढच्या मोसमात टिकत नाही.