पाळण्यातला बाप्तिस्मा आणि खानदेशची मंडळी

पूर्व खानदेशातील बोदवड, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स (थोडक्यात अलायन्स) या मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्याची रीत नाही. आईवडील बाळाला रविवारच्या उपासनेत पुढे आणतात. पाळक त्याला हातांवर घेतात, प्रार्थना करून देवाला समर्पित करतात. मुलाला प्रभूच्या शिकवणीत वाढवू, असे वचन आईवडील सर्वांसमक्ष देतात आणि बाळ पुन्हा आईच्या मांडीवर येते. या विधीत पाणी नसते. बाप्तिस्मा होतो तो पुढे, मूल जाणते होऊन स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करते तेव्हा, आणि तोही नदीत, विहिरीत किंवा हौदात पूर्ण बुडवून. वसईच्या कॅथलिक घरात मात्र तेवढ्याच बाळाच्या मस्तकावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी ओततात, पवित्र तेल लावतात, अंगावर पांढरे वस्त्र घालतात. धर्मपिता आणि धर्ममाता मेणबत्ती धरून शेजारी उभे असतात. दोन्हीकडे आदाम-हव्वेची कथा एकच आहे आणि माणूस जन्मतःच पापाच्या सत्तेखाली असतो ही आदिपापाची शिकवणही एकच आहे. मतभेद आहे तो या पापावरचा उपाय बाळाला कधी आणि कसा लागू होतो याबद्दल.

ख्रिस्ती धर्मात बालबाप्तिस्म्याची चाल आधी रुळली आणि आदिपापाचा सिद्धांत नंतर नीट मांडला गेला, ही गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही. नव्या करारात बाळाला बाप्तिस्मा दिल्याचा स्पष्ट उल्लेख नाही. फिलिप्पैच्या लुदियाचा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा सगळ्या घराण्यासह बाप्तिस्मा झाला, एवढेच प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, यावर आजही वाद चालतो. सन 200च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन मुलांना बाप्तिस्मा देण्याची घाई करू नये असे सांगत होता. म्हणजे चाल तेव्हा होती आणि तिला विरोधही होता. पन्नासेक वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने उलट निकाल दिला. बाळासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये, कारण त्याच्यावर असलेले पाप त्याचे स्वतःचे नसून आदामाकडून आलेले आहे, असे त्याचे म्हणणे होते.

या विचाराला पक्का आकार दिला तो हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलाजियस हा साधू शिकवत होता की आदामाचे पाप आदामापुरते, प्रत्येक जण जन्मतो तो निर्दोष. ऑगस्टीनने त्याला मंडळीच्या रोजच्या चालीवरून उत्तर दिले. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो आणि मंडळी तो बाळांनाही देते. बाळाने स्वतः तर काही केलेले नाही. मग त्याला क्षमा कशाची? उत्तर एकच उरते: वारशाने आलेल्या दोषाची. सन 418मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने हेच मत उचलून धरले. पुढे 1546मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक मंडळीसाठी त्यावर शिक्कामोर्तब केले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी मात्र आदामाकडून मरण आणि दुर्बलता येते एवढेच मानले. त्याचा अपराध बाळाच्या माथी येतो हे मानले नाही. तरी त्या मंडळ्याही बाळांना बाप्तिस्मा देतात. चालीला हाच सिद्धांत अपरिहार्य नव्हता, हे यावरून दिसते.

ऑगस्टीनच्या युक्तिवादाची एक बाजू फार कठोर होती. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळाचे काय? त्याला दंड होतो, पण सर्वांत सौम्य, असे त्याचे उत्तर होते. मध्ययुगीन पंडितांनी ते आणखी सौम्य केले. अशा बाळांसाठी त्यांनी लिंबोची कल्पना मांडली: तिथे दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. जिथे घरोघरी एखादे तरी मूल दगावत असे, तिथे ही शिकवण आईबापांच्या काळजाला भिडणारी होती. म्हणूनच मूल अत्यवस्थ असेल तर सुईण, शेजारीण, कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा, अशी मुभा कॅथलिक मंडळीने ठेवली, आणि ती आजही आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असा अभिप्राय व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने 2007मध्ये दिला. त्याला फार उशीर झाला, असेच म्हणावे लागते.

मराठीत आदामाच्या पतनाची कथा सर्वांत भारदस्तपणे आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात. हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात उतरला आणि त्याचे पुराण 1616मध्ये रायतूर येथे छापले गेले. ते नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी लिहिलेले होते. त्यांपैकी पुष्कळांच्या घरची रीत एका पिढीपूर्वी वेगळी होती. पण त्याच गोव्यात बालबाप्तिस्म्याची एक काळी बाजूही आहे. 1559च्या पोर्तुगीज राजाज्ञेने हिंदूंची पोरकी मुले जेझुइटांच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची व्यवस्था केली, आणि पुढे आई जिवंत असलेल्या पण वडील वारलेल्या मुलांनाही हाच नियम लावला गेला. मुले पळवून नेली जातील या भीतीने कुटुंबे पोर्तुगीज हद्द सोडत. बाळाच्या आत्म्याची काळजी या शब्दांखाली हे घडले, आणि त्याचे समर्थन कोणत्याही सिद्धांताने होऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेली बहुतेक प्रोटेस्टंट मिशने बालबाप्तिस्मा मानणारीच होती. 1813मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन, 1829मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे स्कॉटिश मिशन, आणि अँग्लिकन मंडळी, या सगळ्यांत ती चाल होती. पण त्यांचा आधार कॅथलिकांहून निराळा. स्कॉटिश आणि अमेरिकन परंपरेत मुलाचा बाप्तिस्मा म्हणजे कराराची खूण: अब्राहामाच्या वंशाला जशी सुंता, तशी विश्वासी आईबापांच्या मुलाला ही. पाण्यानेच आदिपाप धुतले जाते, असे ते मानत नसत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. त्याच दिवशी त्यांची मुलगी मनोरमा हिचाही झाला. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. रमाबाई मात्र पुढे स्वतःविषयी लिहितात की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्म मिळाला होता, ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख त्यानंतर काही वर्षांनी झाली. बाप्तिस्म्यापेक्षा व्यक्तीच्या अनुभवाला अधिक वजन देणारी ही वृत्ती त्या काळच्या अनेक मिशनऱ्यांत वाढत होती.

खानदेश-वऱ्हाडात आलेले ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे मिशन याच वृत्तीतून जन्मले. त्याचे संस्थापक ए. बी. सिम्पसन (1843–1919) हे कॅनडातील कट्टर प्रेस्बिटेरियन घरात वाढलेले. तान्हेपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो जॉन गेडी यांच्या हस्ते; हे गेडी पुढे दक्षिण पॅसिफिक बेटांवर मिशनरी म्हणून गेले. सिम्पसन न्यूयॉर्कमधील एका प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक होते. 1881मध्ये त्यांची खात्री झाली की बाप्तिस्मा विश्वास धरणाऱ्यासाठीच आहे. त्यांनी एका लहानशा बाप्टिस्ट चर्चमध्ये स्वतः बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि आता आपल्याला बाळांना बाप्तिस्मा देता येणार नाही असे आपल्या धर्मपरिषदेला कळवून राजीनामा दिला. चांगल्या पगाराची जागा आणि मित्रांची मर्जी दोन्ही गमावून केलेला हा निर्णय होता. बोदवडच्या समर्पणविधीची मुळे शोधत गेले तर ती या राजीनाम्यापर्यंत पोचतात.

1887मध्ये सिम्पसन यांनी स्थापलेल्या दोन संघटना 1897मध्ये एक झाल्या आणि अलायन्स उभे राहिले. भारतात त्याचे मुख्य केंद्र अकोला. तिथून काम रेल्वेमार्गाच्या कडेने वऱ्हाडात आणि पूर्व खानदेशात पसरले. 1896–97 आणि 1899–1900च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथाश्रम काढले, आणि त्या मुलांमुळे बाप्तिस्म्याचा प्रश्न पुस्तकातून उठून अंगणात आला. आईवडील नसलेल्या मुलाच्या वतीने वचन कोणी द्यायचे? बालबाप्तिस्मा मानणाऱ्या मिशनांना यावर नियम करावे लागले. अलायन्सची वाट साधी होती: मुलाला सांभाळायचे, शिकवायचे, आणि ते स्वतः मागेल तेव्हाच बाप्तिस्मा द्यायचा. गोव्याच्या 1559च्या आज्ञेशेजारी ही रीत ठेवली की तिची थोरवी कळते. शेजारच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळे-नंदुरबारकडे, विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. तेही विश्वासधारकाचाच बाप्तिस्मा मानणारे. त्यामुळे खानदेशात बहुतेक ठिकाणी हीच रीत पसरली. अपवाद भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाचा. तिथल्या अँग्लो-इंडियन आणि कॅथलिक कुटुंबांत बाळाचा बाप्तिस्मा पूर्वीप्रमाणेच होत राहिला.

आदिपापाची शिकवण खानदेशच्या मंडळ्यांनी सोडली, असे मात्र नाही. आदामामुळे सर्व माणसांचा स्वभाव बिघडला आणि प्रत्येकाला नव्या जन्माची गरज आहे, हे तिथे ठामपणे शिकवतात. बाळाबद्दलची त्यांची समजूत अशी की जाणतेपण येण्यापूर्वी गेलेले मूल ख्रिस्ताच्या कृपेत सुरक्षित असते. ज्याने त्याने आपले कर्म भोगावे, या पिढीजात समजुतीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचे पाप माथी येणे हा विचार पचायला जड. स्वतः विश्वास धरून मग पाण्यात उतरणे त्याला त्या मानाने सहज उमजते. अलायन्सची रीत इथे रुजली त्याला हेही एक कारण असावे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा हा जुना वाद ऐरणीवर आला. त्यात अँग्लिकन होते, अमेरिकन मराठी मिशनची परंपरा चालवणाऱ्या मंडळ्या होत्या, आणि बाप्टिस्ट व ब्रेदरनही होते. तोडगा निघाला तो असा: बालबाप्तिस्मा आणि विश्वासधारकाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य, आईवडिलांनी निवड करावी. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी विश्वास जाहीर कबूल करावा, आणि समर्पण झालेल्याने मोठेपणी बाप्तिस्मा घ्यावा. अडचण राहिली ती एकाच जागी. बाळपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुन्हा बुडवून घ्यायला निघाला तर एकाच्या दृष्टीने तो दुसरा बाप्तिस्मा, म्हणून निषिद्ध. दुसऱ्याच्या दृष्टीने तो पहिलाच. अलायन्सच्या मंडळ्या या एकीकरणात सामील झाल्या नाहीत, आणि त्यांच्या उपासनेत आजही बाळाचे समर्पणच होते.