पोलिसी बळाचा वापर व आंतरराष्ट्रीय दाद (यवतमाळ जिल्हा व विदर्भ)

पोलिसांच्या लाठीने, गोळीने किंवा कोठडीत माणूस जायबंदी झाला वा दगावला, तर त्याबद्दल देशाबाहेरच्या मानवी हक्क यंत्रणांकडे दाद मागण्याची पद्धत. यवतमाळ जिल्ह्यातून हा प्रवास ठाणे, न्यायालय आणि आयोग यांच्यामार्गे जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांपर्यंत जातो. शेवटचा टप्पा फार अरुंद आहे, आणि तिथे काय टिकते हे पहिल्या चार दिवसांत झालेल्या कागदांवर ठरते.

करार. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. जगण्याचा हक्क, छळापासून संरक्षण आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क त्यात येतात. पण व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा त्याचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल भारताने मान्य केलेला नाही. नेपाळ व श्रीलंकेने तो केला आहे. म्हणून काठमांडूच्या रहिवाशाला मानवी हक्क समितीपुढे स्वतःचे प्रकरण नेता येते, घाटंजी किंवा झरी जामणीच्या रहिवाशाला नाही. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून दिलेले नाही. त्यासाठीचे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे बारगळले. विधी आयोगाने 2017 मध्ये अनुसमर्थनाची शिफारस केली. तीही तशीच पडून आहे.

उरलेले मार्ग दोन. समितीच्या नियतकालिक आढाव्यात संघटना आपले म्हणणे पाठवू शकतात. मात्र 1997 नंतरचा भारताचा आढावा थेट जुलै 2024 मध्ये झाला. दुसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना पत्र लिहिण्याचा. त्याला कराराची अट नाही, वकील लागत नाही, शुल्कही नाही. प्रतिवेदक सरकारला विचारणा करतात आणि साधारण 60 दिवसांनी ती जाहीर होते. उत्तर देण्याची सक्ती सरकारवर नसते. बेकायदा हत्यांविषयीचे प्रतिवेदक क्रिस्टोफ हाइन्स 2012 मध्ये भारतात येऊन गेले; विदर्भ त्या दौऱ्यात नव्हता.

गोवारी प्रकरण. विदर्भातील सर्वांत मोठी घटना 23 नोव्हेंबर 1994 ची. हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात आलेला गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलती मागत होता. गुरे राखणारा हा समाज यवतमाळसह विदर्भातील अनेक जिल्ह्यांत आहे. मोर्चा मॉरिस कॉलेज चौकाजवळ अडवला गेला. निवेदन घ्यायला मंत्री येतील म्हणून लोक संध्याकाळपर्यंत थांबले. नंतर चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे मेली. त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. लाठीमारामुळे पळापळ झाली की आधीच रेटारेटी सुरू होती, याबद्दल मतभेद आहेत. न्या. दाणी आयोगाने कोणालाही दोषी धरले नाही. एका संध्याकाळी 114 जीव जातात आणि जबाबदार कोणीच नाही, हा निष्कर्ष स्वीकारणे कठीण आहे.

संयुक्त राष्ट्रांची 1990 ची बळ व बंदुकीच्या वापराविषयीची तत्त्वे तेव्हा अस्तित्वात होती. कमीत कमी बळ, जखमींना लगेच मदत आणि मृत्यू झाल्यास वरिष्ठांकडे तातडीचा अहवाल, एवढे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. अडवलेल्या जमावाला बाहेर पडायला वाट होती का, हा प्रश्न या कसोटीवर सर्वांत आधी विचारायला हवा. मूळ मागणीबाबत नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये समाजाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये तो फिरवला.

तुलनेसाठी घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर पाहावे. तिथे 11 जुलै 1997 च्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जण ठार झाले. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या दलितांवरील अहवालात ही घटना सविस्तर आली. 2009 मध्ये एका उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. मुंबईतल्या घटनेची जगाने दखल घेतली. गोवारींच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

पारधी व विमुक्त जमाती. यवतमाळातील पारधी बेड्यांवर (वस्त्यांवर) चोरीच्या संशयावरून पडणाऱ्या धाडी नव्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने 2007 मध्ये या जमातींवर वापरला जाणारा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याची शिफारस भारताला केली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तेच 2000 मध्ये सांगितले होते.

विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्याच्या पोलीस कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीची तरतूद. यवतमाळ अमरावती विभागात येते.

पुरावा. कोठडीतील मृत्यूची खबर 24 तासांत राष्ट्रीय आयोगाला देणे 1993 पासून बंधनकारक आहे आणि चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते. संशयास्पद मृत्यूंच्या तपासाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मिनेसोटा प्रोटोकॉलनुसार शवविच्छेदनात प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि मोजपट्टीसह छायाचित्र हवे. नातेवाइकांनी शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची प्रत, ठाणे दैनंदिनीचा उतारा आणि ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. राष्ट्रीय आयोगाची पुनर्मान्यता 2023 व 2024 मध्ये अशा राष्ट्रीय आयोगांच्या जागतिक संघटनेने लांबणीवर टाकली. तपासात पोलीस अधिकारी असणे हे त्याचे एक कारण होते. तरीही तक्रार तिथे नोंदवावीच, आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत, कारण त्यानंतर आयोगाला ती चौकशीसाठी घेता येत नाही.