पहिला रणगाडा कोणता?

हो चि मिन्ह सिटीची, म्हणजे जुन्या सायगावची, हाफ-डे टूर म्हणजे नुसती पळापळ. उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा! इंडिपेंडन्स पॅलेसच्या आवारात दोन रणगाडे दिसले, ८४३ आणि ३९०. मूळचे नव्हेत, त्याच बनावटीचे. मूळचे हनोईत आहेत. मी ८४३ सोबत फोटो काढला आणि निघालो. तेवढ्यात गाइडने गोष्ट सांगितली.

३० एप्रिल १९७५. उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत घुसले, युद्ध संपलं. ८४३ चे कमांडर बुई क्वांग थान यांनी धावत जाऊन छतावर झेंडा लावला. साहजिकच पहिला रणगाडा म्हणून नाव झालं ८४३ चं. प्रत्यक्षात तो बाजूच्या फाटकात अडकला होता. मधलं फाटक तोडलं ३९० ने! फ्रेंच फोटोग्राफर फ्रान्स्वाझ दमुल्देर यांचा त्या क्षणाचा फोटो १९९५ मध्ये पुढे आला, तेव्हा कुठे ३९० च्या चौघांना श्रेय मिळालं. वीस वर्षांनी!

आमच्याकडेही डेमो देणाऱ्याचंच नाव होतं, रात्रभर बग सोडवणाऱ्याला कोण विचारतो? अर्थात थान यांचा झेंडाही खराच होता.

असो. बस हॉर्न वाजवत होती, तरी मी धावत मागे गेलो. ३९० चा फोटो राहिला होता ना!