चेहरेपट्टी आधी कागदावर होती

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात वाकून बघतात आणि एक जण म्हणतेच, "चेहरेपट्टी अगदी बापावर गेलीय हो!" इतक्या मायेने उच्चारला जाणारा हा शब्द फौजेतली चोरी पकडण्यासाठी कामाला लागला होता, हे कळलं तेव्हा मला चटका बसला. तेव्हापासून तो सहज तोंडात येत नाही.

चेहरा हा फारसी शब्द, पट्टी मागाहून जोडलेली. मुघलांच्या लष्करी दफ्तरात चेहरा म्हणजे माणसाचं तोंड नव्हे, तर त्या तोंडाचं लिहून ठेवलेलं वर्णन. शिपायाचं नाव, बापाचं नाव, जात, मग रंग, कपाळ, भुवया, डोळे, नाक, दाढीमिशी, तीळ, जखमांचे वण. घोड्याचाही असाच चेहरा लिहीत. अबलख, कुमाईत, मुश्की हे घोड्यांचे रंग मराठीतही रुळले.

एवढा खटाटोप कशासाठी? मनसबदाराला अमुक इतके स्वार बाळगण्यासाठी जहागीर मिळे. स्वार कमी ठेवले की उरलेला पैसा घरात. हजिरीच्या दिवशी मात्र आकडा भरावा लागे. मग शेजारच्या सरदाराचे घोडे एका दिवसासाठी आणायचे, तेच तट्टू दोनदा पुढे काढायचं, बाजारातला कुणीही पकडून खोगिरावर बसवायचा. ही खोड अकबराच्याही आधीची. अलाउद्दीन खिलजीने (1296–1316) घोड्यांना दाग (डागून केलेली खूण) आणि स्वारांचा हुलिया (वर्णन) सुरू केला तो याचसाठी. त्याच्यामागे ती रीत ढिली पडली आणि शेरशाहाने पुन्हा आवळली.

अकबराने 1574 च्या सुमारास दाग पक्का केला. आधी खूण मानेवर, मग उजव्या मांडीवर, शेवटी तर आकडेच. घोडा बदलला तर दाग सांगेल, माणूस बदलला तर चेहरा सांगेल, अशी ही जोडी. तरी पळवाटा निघाल्याच. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल कादिर बदायुनीने लिहून ठेवलंय की विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले भाड्याने आणून हजिरीला उभे केले जात आणि चेहरे लिहून झाले की रजा. एकदा बादशहाने दिवाणखान्यात अशांना हातपाय बांधून, अंगावरच्या कपड्यांसकट तराजूत घातलं. वजन भरलं अडीच-तीन मण. चौकशीत निघालं की माणसं भाड्याची आणि कपडे, खोगीरही उसनं. अकबर म्हणे, मी उघड्या डोळ्यांनी यांना पगार देतो, यांनाही पोट आहे. त्या तराजूत बसलेल्या विणकराचा विचार मला सोडत नाही. लबाडी सरदाराची, बांधले गेले हातपाय त्याचे.

बदायुनीचा स्वतःचाही या दागाशी संबंध आला. त्याला आणि अबुल फजलला एकाच वेळी विशीची मनसब देऊ केली होती, घोडे दागून आणायची अट घालून. अबुल फजलने घोडे आणले आणि तो चढत गेला. बदायुनीकडून ते झालं नाही आणि ही सल त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत राहिली. म्हणून त्याचं दागाविषयीचं बोलणं थोडं तिखट मानून वाचावं, पण भाड्याची माणसं त्याने कल्पनेतून काढली असं मला वाटत नाही.

शाहजहानच्या काळापर्यंत सरकारनेच हात टेकले होते. नेमणूक ज्या सुभ्यात आणि जहागीरही तिथेच, तर कागदावरच्या स्वारांपैकी तिसरा हिस्सा आणायचा. इतरत्र चौथा, आणि बल्ख-बदख्शानच्या स्वारीत पाचवाच. हजाराचा सरदार दोनशे स्वारांनिशी उभा राहिला तरी तो नियमात बसे.

शिवाजी महाराजांनी या दुखण्याच्या मुळाशीच हात घातला. बारगिराला घोडा सरकारी पागेतला, पगार रोख. घोडाच सरकारचा म्हटल्यावर उसना आणायला वाव कमी. स्वारीवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूचा झाडा घ्यायचा आणि परतल्यावर तो पुन्हा ताडून पाहायचा, असं बखरकार सभासदाने सांगितलंय. पुढे सरंजाम आले, नेमलेले स्वार आणण्याचं ओझं सरदारांवर गेलं, आणि हजिरी-गणतीची गरज परत वाढली. ती हजिरी आता शाळेत घेतात. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचं 'मस्टर' भरतात. हा इंग्रजी शब्दही फौजेच्या गणतीचाच, आणि त्यावर न आलेल्या माणसाचं नाव लावण्याची चोरीही तीच.

चेहरेपट्टी दफ्तरातून निघून बारशापर्यंत आली, पण तिने जुनी जागा सगळी सोडलेली नाही. पोलीस ठाण्याच्या फलकावर बेपत्ता माणसाचा कागद लावलेला असतो. रंग सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ, केस काळे, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. वर नाव, त्याला लागून बापाचं नाव.